पावसाळा लागला की झोप उडते, छातीत धडधडतं. यातून कुणी गेलंय का?

सुईदोरा, सांगली (१२ जून २०२५, रात्री १.४०)

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीची. मारुती चौकाच्या पुढच्या एका गल्लीत तळमजल्याला राहते. पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. वय ४३. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहेत. मुलगी यंदा नववीत गेली.

आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे. सासऱ्यांनी खिळ्यानं ओरखडा ओढून ठेवलाय, साधारण माझ्या छातीइतका उंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही त्या खुणेच्या वर हातभर जागा सोडून सामान रचलं. पलंगावर टेबल, टेबलावर मशीन, मशीनवर गिऱ्हाइकांच्या साड्यांचं गाठोडं. गल्लीतल्या प्रत्येकानं तसंच केलं होतं, कारण २००५ च्या वर पाणी जात नाही असंच सगळे धरून चालले होते. पाणी खुणेपाशी थांबलं नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या दाराची चौकट बुडाली. परत आलो तेव्हा मशीन उलटं पडलेलं, चाकात गाळ घट्ट बसलेला. साड्यांचा रंग एकमेकींत उतरला होता. त्यात एका मुलीचा लग्नाचा शालू होता. तिच्या आईनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. ते अजून सलतं.

२०२१ ला जुलैतच परत पाणी आलं. त्या वेळी सामान आधीच विश्रामबागला बहिणीकडे नेलं होतं, नुकसान फार झालं नाही. पण भीती बसली ती तेव्हापासून. एकदा झालं तर अपघात म्हणता येतं. दोनदा झालं की आता तिसरं कधी, एवढंच डोक्यात राहतं.

मला वळवाच्या पावसाची भीती वाटत नाही. तो कडाडतो, गारा टाकतो, जातो. मृगाच्या पहिल्या सरीला अजूनही बरं वाटतं. पण एकदा का रिपरिप सुरू झाली, दिवसभर एका लयीत, शेजारच्या पत्र्यावर टपटप, की माझ्या पोटात गोळा येतो. हात गार पडतात. सुईत दोरा ओवता येत नाही, हे मी शब्दशः सांगतेय. रात्री तीनला जाग येते ती येतेच. मग मी न्हाणीतली मोरी बघायला जाते, कारण दोन्ही वेळा पाणी रस्त्यावरून यायच्या आधी मोरीतून वर आलं होतं. बुडबुडा दिसला नाही की परत येऊन पडते. वीस मिनिटांनी परत उठते.

आणि आमच्याकडे ऊन पडलं तरी मनाला आराम नसतो. सांगलीत पाऊस नसताना पूर येतो, हे बाहेरच्यांना कळत नाही. वर घाटात नवजाला किती पडला, महाबळेश्वरला किती, कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं, वारणेतून किती, खाली कर्नाटकात अलमट्टी धरणाचा विसर्ग वाढवला का, हे बघावं लागतं. गल्लीच्या ग्रुपवर दिवसभर तेच. त्यात अर्धं खरं, अर्धं कुणाचं तरी ऐकीव. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आमच्या गल्लीत पाणी यायला पन्नाशी जवळ यावी लागते. आज पाणी कुठं त्याच्या जवळपासही नाही, तरी मी सकाळपासून नऊ वेळा पातळी बघितली.

यंदा तर पाऊस मे महिन्यातच आला. मी दरवर्षी मृगाच्या आधीचा आठवडा आवराआवरीला ठेवते, तो मिळालाच नाही. म्हणूनही असेल.

मिस्टर म्हणतात, अगं जून आहे, अजून धरणं भरायचीत. बरोबर आहे त्यांचं. मला पटतं सुद्धा. पण छातीला पटत नाही.

आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं. काल रात्री मी मोरीपाशी उभी होते तर मागून लेक आली. म्हणाली, "आई, बुडबुडे आले का?" ती २०१९ ला आठ वर्षांची होती. तिला हे मीच शिकवलं. मला नकोय तिला हे.

कुणी यातून गेलं असेल तर काय केलं ते सांगा. गाव सोडा, घर विका असं कृपया सांगू नका. ते आमच्या हातात असतं तर केलं असतं.

वाइंडिंगवाला, चिपळूण (१२ जून, सकाळी ७.१५)

ताई, तुमचं मोरीचं वाचलं आणि चहा तसाच राहिला. मी बाजारपेठेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. २२ जुलै २०२१. पहाटे पाणी शिरलं, दुपारपर्यंत आम्ही माळ्यावर आणि खाली दुकानातून मोटरी एकमेकींवर आपटल्याचे आवाज. ते आवाज मी अजून ऐकतो. २००५ ला २६ जुलैचा पूर वडिलांनी बघितला होता, मला वाटायचं आमच्या वाट्याचं होऊन गेलं.

मला काय झालं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायचं नाही की बाईमाणूस म्हणून आपण घाबरतो. पुढच्या दोन पावसाळ्यांत मी माणसांत नव्हतो. भरतीचं वेळापत्रक खिशात. जोरात सर आली की मुलावर ओरडायचो, कारण नसताना. एकदा त्यानं पावसात खिडकी उघडी टाकली म्हणून हात उचलला. त्यानंतर बायकोनं मला धरून नेलं समुपदेशनाला. मी गेलो नसतो.

माझ्या उपयोगी काय पडलं ते सांगतो, तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

मी तयारी आणि पहारा वेगळे केले. तयारीला शेवट असतो, पहाऱ्याला नसतो, आणि मी पहाऱ्यालाच तयारी समजत होतो. आता अक्षय्य तृतीयेला सुरुवात करतो. मीटरचा बोर्ड नऊ फुटांवर नेला. तांब्याची तार आणि गिऱ्हाइकांच्या दुरुस्त झालेल्या मोटरी वर. खाली राहतात त्या फक्त चालू कामाच्या. कागदपत्रांचे फोटो काढून भावाच्या मोबाइलमध्ये पाठवून ठेवले, तो पुण्याला असतो. हे झालं की वहीत तारीख घालून "झालं" लिहितो आणि बायकोची सही घेतो. पोरखेळ वाटेल. पण रात्री मन म्हणालं ना, काहीतरी राहिलंय, की वही उघडून बघतो. सही दिसते.

आणि एक. मी पत्र्याखालच्या खोलीत झोपणं सोडलं. स्लॅबखाली आवाज येत नाही. एवढ्याशा गोष्टीनं झोप निम्म्यानं सुधारली. तुमच्या शेजारच्या पत्र्याचं काही करता येतं का बघा. जुन्या सायकलच्या ट्यूब कापून टाकल्या वर तरी आवाज मरतो.

लेकीशी बोला. माझा मुलगा मला म्हणाला, बाबा तुम्ही गप्प बसता तेव्हा मला जास्त भीती वाटते.

सह्याद्री७२ (१२ जून, सकाळी १०.०५)

ताई, मन घट्ट करा. पूर सगळ्यांनाच आला होता. कामात गुंतवून घ्या, नामस्मरण करा, विचार येणार नाहीत.

डॉक्टर, कोल्हापूर (१२ जून, दुपारी ३.३०)

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथं वाचून निदान करता येत नाही, ते करूही नये. पण सुईदोराताईंनी लिहिलंय ते मी दर जून-जुलैत शिरोळ, कुरुंदवडकडच्या पेशंटकडून ऐकतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सह्याद्री७२, तुमचा हेतू चांगला आहे. पण मन घट्ट करून ही धडधड थांबत नाही, कारण ती विचारातून सुरू होत नाही. पत्र्याचा आवाज, ओल्या भिंतीचा वास, ढगाळ उजेड, हे मेंदूत त्या दिवसाशी जोडलं गेलंय. ते आलं की विचार पोचायच्या आत शरीर धावायला तयार होतं. हात गार पडतात कारण रक्त मोठ्या स्नायूंकडे जातं. ताई म्हणतात "छातीला पटत नाही", ते वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे.

आता मोरीबद्दल. ताई, मोरी बघून आल्यावर वीस मिनिटं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यातच मेख आहे. मेंदू असं शिकतो की बघितलं म्हणून वाचलो. मग पुन्हा बघायला लावतो. पातळीचंही तसंच. एकदम बंद करू नका, जमणार नाही. वेळ बांधून घ्या. सकाळी आठ आणि संध्याकाळी सात, दोनदा, तेही प्रशासनानं जाहीर केलेलं. ग्रुप म्यूट. आणि घरात बसून तिघांनी ठरवा की किती फुटांना काय करायचं. समजा ३५ ला मशीन हलवायचं, ४० ला लेकीला विश्रामबागला पाठवायचं. आकडे तुमच्या गल्लीप्रमाणे ठरवा, कागदावर लिहा, फ्रिजवर लावा. त्या आकड्याच्या खाली पाणी आहे तोवर तुम्हाला करण्यासारखं काहीही उरलेलं नाही. हे तुम्हाला रोज वाचायला लागेल.

तीनला जाग आली तर अंथरुणात झुंजू नका. उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद दिवा लावा, मोबाइल नको. श्वास चार अंकांत घ्या, सहा ते आठ अंकांत सोडा, पाच मिनिटं. सोडणं लांबवलं की हृदयाचे ठोके मंदावतात. मात्र हे दिवसा रोज करून ठेवा. भर धडधडीत पहिल्यांदा करायला जाल तर उपयोग होणार नाही. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद करून बघा.

एक तपासणी जरूर करा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२. तुमचं वय ४३ आहे, पाळीतले बदलही झोपेवर आणि धडधडीवर परिणाम करतात. सगळा दोष पुराला देऊन एखादी साधी गोष्ट निसटायला नको.

दिवसाची कामं अडत असतील, आणि सुईत दोरा ओवता येत नाही म्हणजे अडताहेत, तर तज्ज्ञाला भेटा. आघातातून आलेल्या भीतीवर काम करायच्या बोलण्याच्या पद्धती आहेत, त्यांचा चांगला उपयोग होतो. औषधाची गरज पडली तर बहुतेक औषधांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून आत्ता जूनमध्ये भेटणं बरं, पाणी चढल्यावर नको. आणि शेजारणीची झोपेची गोळी घेऊ नका. त्या गोळ्यांची सवय लागते.

दवाखान्यात लगेच जाणं शक्य नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्याचे विचार आले तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

सुईदोरा, सांगली (१२ जून, रात्री ९.२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, "करण्यासारखं काहीही उरलेलं नाही" हे वाक्य मी तीनदा वाचलं. मला आजवर वाटत होतं की मी बघत राहिले नाही तर निष्काळजीपणा होईल. २०१९ ला आपण नीट बघितलं नाही म्हणून शालू गेला, असं कुठंतरी आत आहे.

चिपळूणच्या दादा, सहीची आयडिया आजच केली. मिस्टरांनी हसत का होईना, सही केली. लेकीनंही खाली तिची केली.

नामस्मरण मी करते, सह्याद्री७२. त्यानं शांत वाटतं, खोटं कशाला बोलू. पण तीनला उठते तेव्हा तेही तोंडात येत नाही.

एक विचारायचं राहिलं. २०१९ पासून मी नदीवर गेले नाही. नणंद सांगलीवाडीला असते. आयर्विनवरून पाच मिनिटांचा रस्ता, पण मी बायपासच्या पुलानं वळसा घालून जाते, तेही खाली न बघता. हे तसंच चालू ठेवलं तर चालेल ना? की त्यानंही काही होतं?

अण्णा गावभाग (१३ जून, सकाळी ६.५०)

पोरी, मी ७८ वर्षांचा. नातवाकडून टाइप करून घेतोय.

डॉक्टर त्यांच्या परीनं सांगतील. मी माझं सांगतो. गावभागात जन्म गेला. लहानपणी पाणी चढलं की आम्ही घाटाच्या पायऱ्या मोजायला जायचो. आज किती बुडाल्या, उद्या किती. बायका खणानारळानं कृष्णामाईची ओटी भरायच्या. तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसू नक्षत्रात, पाणी वाढायचं, म्हाताऱ्यात, म्हणजे पुष्यात, टिकायचं, आसळकात, म्हणजे आश्लेषात, उतरायला लागायचं. आता तसं धरून चालता येत नाही, २०१९ चं पाणी आसळकातच आलं. तरी नदीशी जाणं-येणं होतं ते होतंच. नृसिंहवाडीला हेच पाणी दत्ताच्या देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार म्हणतात, आणि माणसं रात्री उठून त्यात स्नानाला जातात. पाणी तेच.

तू तिला शेवटची बघितलीस ती घरात शिरलेली. सहा वर्षं झाली, तुझ्या डोळ्यात ती तशीच राहिलीय. पाणी आत्ता पायऱ्यांच्या बरंच खाली आहे. सकाळची जा. एकटी नको. भीती वाटली तर वरच्या पायरीवर बस, पण लगेच उठून पळू नको. माझी सून रोज साडेसहाला घाटावर गणपतीच्या बाजूला फिरायला असते. तिला मी सांगून ठेवतो, तुझी हरकत नसेल तर.

२०१९ ला माझी पुस्तकं गेली, दोन कपाटं. त्याचं दुःख आहे. पण नदीचा राग मला धरता आला नाही.

डॉक्टर, कोल्हापूर (१३ जून, दुपारी २.१०)

अण्णांनी जे सांगितलं तेच आम्ही थोड्या वेगळ्या शब्दांत सांगतो. टाळत गेलं की भीती वाढते. कमी पाण्यात, सोबतीनं, पायरीपायरीनं जाणं चांगलं. धडधड वाढेल, थांबलात तर थोड्या वेळानं आपोआप उतरेल. ती उतरेपर्यंत थांबणं महत्त्वाचं, अण्णा "पळू नको" म्हणतात ते यासाठीच. फक्त पहिल्याच दिवशी पुलावर जाऊ नका. आणि तिथं गेल्यावर २०१९ चं सगळं डोळ्यासमोर येऊन भान हरपल्यासारखं झालं, तर पुढचं तज्ज्ञाच्या सोबतीनं करा.

मिरजेची मी, एडिंबरा (१३ जून, संध्याकाळी ५.४५)

माझा ऋतू वेगळा आहे, तरी लिहावंसं वाटलं. माझं सुरू होतं ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, घड्याळ एक तास मागं घेतात तेव्हा. डिसेंबरात इथं सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. पहिल्या हिवाळ्यात मी दिवसभर झोपायचे आणि आईला फोनवर सांगायचे, कामाचा ताण आहे. दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी सकाळी अर्धा तास १० हजार लक्सच्या दिव्यासमोर बसायला सांगितलं, त्यानं फरक पडला. सुईदोराताई, तुम्हाला दिव्याचा उपयोग नाही, तुमची भीती अंधाराची नाही. पण एक गोष्ट दोघींची सारखी वाटली. मी दिवा नोव्हेंबर उजाडल्यावर काढायचे तेव्हा उशीर झालेला असायचा. आता सप्टेंबरच्या अखेरीस टेबलावर ठेवते, उजेड असतानाच. तुम्ही जूनमध्ये विचारलंत, हे फार बरं केलंत.

ऑगस्टमध्ये कृष्णा चढली की मी इथं पहाटे उठून आयर्विनची पातळी बघते. घर मिरजेत, तेही उंचावर. तरी बघते. यंदा मीही दोनदाच बघेन.

सुईदोरा, सांगली (२९ जून, दुपारी १२.३०)

उशिरा लिहितेय, शाळा सुरू झाल्या आणि गणवेशांची घाई होती.

तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन ९ निघालं, गोळ्या सुरू आहेत. थायरॉइड ठीक. १४४१६ ला फोन केला, एका बाईंनी पाऊण तास शांतपणे ऐकून घेतलं. शालूचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांना सांगितलं. इथल्या एका मॅडमची पुढच्या शुक्रवारची वेळ मिळाली आहे.

पातळी दोनदाच बघायची, हे पहिले चार दिवस जमलं नाही. पाचव्या दिवशी जमलं. मधे एका रात्री नवजाला खूप पडल्याचं कळलं आणि मी परत पहाटेपर्यंत बसले. मोरी अजून बघते, पण एकदाच, झोपायच्या आधी. तीनला उठले तर पुढच्या खोलीत जाऊन बसते, हुक लावायचे राहिलेले ब्लाउज घेते. फ्रिजवर कागद लावलाय. ३५ ला मशीन, ४० ला लेक, ४३ ला आम्ही. लेकीनं त्यावर स्केचपेननं आजची पातळी लिहायचं काम स्वतःकडे घेतलंय, सकाळ-संध्याकाळ. शेजारच्यांनी पत्र्यावर ट्यूब टाकू दिल्या, वाइंडिंगवाले दादा, आवाज खरंच मरतो.

घाटावर तीनदा गेले. पहिल्या दिवशी वरून सातवी पायरी. अण्णांच्या सूनबाई शेजारी बसून होत्या, काही बोलल्या नाहीत. माझे दोन्ही हात पदरात घट्ट धरलेले. पाणी गढूळ झालंय, पण खाली होतं, आणि एक म्हातारा गृहस्थ कमरेइतक्या पाण्यात उभा राहून अर्घ्य देत होता. मी त्याच्याकडेच बघत बसले. हात गरम व्हायला बराच वेळ लागला. काल पाण्याजवळच्या पायरीपर्यंत गेले. अण्णा, खण आणि नारळ नेला होता.

पुलाचं अजून झालेलं नाही. नणंदेकडे बायपासवरूनच जाते.